ठीक आहे, पुढचा प्रश्न

धाकटीचं पोट लोकांची मतं विचारण्यावर चालायचं, आणि तिला जगातल्या यच्चयावत मतांचा कंटाळा आला होता. मिठाईच्या दुकानात काम करणारा माणूस घरी गेल्यावर गोड खात नाही, तशातली गत. शेजारीण नुसतं "मला वाटतं" असं म्हणाली तरी हिच्या कपाळावर आठी पडायची.

सर्वेक्षण करणाऱ्या एका कंपनीच्या फोनच्या खोलीत ती बसायची. खोली कापडदुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. प्लायवूडचे आडोसे लावून कप्पे केलेले, प्रत्येक कप्प्यात एक पडदा, एक हेडफोन आणि नियमांचा एक कागद चिकटवलेला. प्रश्न लिहिलाय तसाच वाचायचा. शब्द बदलायचा नाही, सूर बदलायचा नाही. आणि समोरचा काहीही बोलला तरी राग, आनंद, नवल यातलं काही दाखवायचं नाही. तो म्हणाला सगळे पुढारी चोर आहेत, तर म्हणायचं, "ठीक आहे. पुढचा प्रश्न." तो म्हणाला माझी बायको गेल्या आठवड्यात वारली, मला आता कशाचंच काही वाटत नाही, तरी, "ठीक आहे. पुढचा प्रश्न." धाकटी नवीन असताना अशाच एका म्हाताऱ्याला "अरेरे" म्हणून गेली होती. सुपरवायझरबाईंनी तिथल्या तिथे कानउघाडणी केली. "तुम्ही अरेरे म्हणालात ना, आता तो पुढची सगळी उत्तरं तुमच्याकडून आणखी एक अरेरे मिळवण्यासाठी देईल." बाईंचं खरं होतं. पण खरं असलं म्हणून ऐकणाऱ्याला बरं वाटतंच असं नाही.

घरी थोरली होती. धाकटीची सख्खी मोठी बहीण. आई लवकर गेली तेव्हा हिची वेणी घालण्यापासून हिला शाळेत ओढत नेण्यापर्यंत सगळं तिनं केलं होतं, आणि नवरा गेल्यावर ती हिच्याच दोन खोल्यांत राहायला आली होती. तिच्या दोन्ही मूत्रपिंडांनी संप पुकारल्याला बराच काळ लोटला होता. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. हातावरच्या त्या फुगीर शिरेत दोन सुया खुपसून चार तास पडून राहायचं, रक्त बाहेर जाऊन धुऊन परत येतं, आणि ते आलं की माणूस पिळून काढलेल्या फडक्यासारखा घरी येतो. त्यातल्या त्यात नशीब एवढंच, की नगरपालिकेचं जुनं रुग्णालय त्यांच्याच गल्लीच्या टोकाला होतं. थोरली चालत जायची, भिंतीचा आधार घेत चालत परत यायची.

तिच्या जेवणात मीठ बंद म्हणून दोघींचाच स्वयंपाक अळणी व्हायचा.

"आमटीला काही चव नाही गं," धाकटी म्हणायची.

"ठीक आहे. पुढचा प्रश्न," थोरली म्हणायची आणि स्वतःच्याच विनोदावर खुदकन हसायची. धाकटीला हसू यायचं नाही, पण ती आमटी संपवायची.

तर त्या वर्षी नगरपालिकेच्या डोक्यात आलं, की रुग्णालयाची इमारत मोडकळीला आली आहे, तेव्हा जागा विकावी, तिथे बाजारसंकुल उभं राहावं, आणि दवाखाना उचलून शहराच्या दुसऱ्या टोकाला, हमरस्त्यावरच्या नव्या मोठ्या रुग्णालयात न्यावा. लोकांनी आरडाओरडा केला. सभापती शहाणा होता. तो म्हणाला, भांडता कशाला, प्रभागातल्या लोकांनाच विचारू की. मतदान घेऊ. 'ठेवा' किंवा 'हलवा'. लोक म्हणतील ते मान्य. असं म्हटलं की काय होतं, आरडाओरडा करणाऱ्याला एकदम घरी गेल्यासारखं वाटतं. लोकांनाच विचारणार म्हटल्यावर आता आपण कशाला ओरडा!

थोरलीसाठी हिशेब सरळ होता. ठेवलं तर गल्लीच्या टोकापर्यंत चालायचं. हलवलं तर दोन बस बदलून जायचं आणि सुया काढल्यावर, रक्तदाब तळाला गेलेला असताना, पुन्हा दोन बस बदलून यायचं. रिक्षा परवडणारी नव्हती आणि धाकटीला दर खेपेला रजा मिळणारी नव्हती.

"जाताना बसमधून जाईन," थोरली म्हणाली. "येताना मला पोत्यात घालून आणा."

"काहीतरी बोलू नकोस."

"का? तुमच्यात मत मांडलेलं चालतं ना?"

ती थट्टा करत होती, पण रात्री कूस बदलताना तिनं उसासा टाकला तो धाकटीनं ऐकला. तिला भीती वाटत होती. एवढ्या वर्षांत थोरलीला कशाची भीती वाटलेली धाकटीनं पहिल्यांदाच पाहिली, आणि ते तिला स्वतःच्या भीतीपेक्षा जड गेलं.

मग एका वर्तमानपत्रानं या मतदानाचं सर्वेक्षण करायला दिलं, ते नेमकं धाकटीच्याच कंपनीला. आठवडाभर ती कानाला हेडफोन लावून तोच प्रश्न वाचत होती. 'नगरपालिकेचं रुग्णालय आहे तिथेच ठेवावं की हलवावं, याबद्दल आपलं मत काय?' तिला ओरडून सांगावंसं वाटायचं, की अहो, माझी बहीण आहे तिथे, नीट विचार करून बोला. पण सूर बदलायचा नाही. ती जशी साबणाबद्दल विचारायची तशीच रुग्णालयाबद्दल विचारत राहिली.

आणि लोक 'ठेवा' म्हणत होते! एकामागून एक. एक बाई म्हणाली, माझी दोन्ही बाळंतपणं तिथेच झाली. एक मास्तर म्हणाले, गरिबांनी जायचं कुठे, आणि मग पाऊण तास गरिबांबद्दल बोलत राहिले. 'हलवा' म्हणणारे थोडे होते आणि तुटक बोलायचे. बाजारसंकुलात गाळा मिळायची आशा असलेला एखादा "हलवा" म्हणून फोन ठेवून द्यायचा. कितीतरी लोक तर आवाज ऐकताच फोन आपटायचे. त्यांचं मत काय, ते देवाला ठाऊक. पडद्यावर त्यांच्यापुढे नुसतं 'नकार' एवढंच उमटायचं.

आकडेवारीचं काम बघणारे एक गृहस्थ होते, त्यांना सगळ्याजणी पाठीमागे टक्केसाहेब म्हणत. बारीक, वाकलेला, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेला माणूस. फार शिकलेला आणि तितकाच दमलेला. त्यांनीच आग्रह धरून एक प्रश्न शेवटी घालायला लावला होता. 'मतदानाला नक्की जाणार का?' याच्यापुढे, 'आपलं मतदान केंद्र कुठे आहे?'

"नक्की जाणार असं सगळेच म्हणतात," ते चहाच्या वेळी म्हणाले. "नाही म्हणायची लाज वाटते. केंद्र विचारलं की कळतं. ज्याला जायचंय त्याला दार माहीत असतं."

"मग 'ठेवा'वाल्यांना माहीत आहे का दार?" धाकटीनं विचारलं. असं विचारणंही नियमात बसत नव्हतं.

टक्केसाहेबांनी कप ठेवला. "निम्म्यांना नाही. मी तसं लिहून दिलंय अहवालात. ठळक लिहिलंय. पण बाई, हे मत आहे, मतदान नाही. दोन्ही एकच वाटतं लोकांना. मलाही वाटायचं, तुमच्या वयाचा होतो तेव्हा."

वर्तमानपत्रानं काय केलं, तर ते ठळक लिहिलेलं गाळलं आणि त्याच्या दुप्पट ठळक अक्षरांत पहिल्या पानावर छापलं: 'रुग्णालय राहणारच!' खाली आलेखाचे दोन खांब, एक आखूड आणि एक उंच. खांबांना काय जातंय उंच व्हायला.

त्या दिवशी संध्याकाळी धाकटी घरी आली तर थोरली उंबऱ्यात बसली होती आणि तिच्याभोवती गल्लीतल्या बायका. "अभिनंदन हो," शेजारीण धाकटीला म्हणाली, जणू हिनंच रुग्णालय वाचवलं होतं. "तुमच्याच कंपनीनं काढलंय ना? म्हणजे पक्कंच."

धाकटीला सांगता आलं असतं. टक्केसाहेब काय म्हणाले ते, दार माहीत नसलेल्यांचं, फोन आपटणाऱ्यांचं. तिनं तोंड उघडलंही. पण थोरलीच्या चेहऱ्यावर असं काही सुटल्यासारखं दिसत होतं, की हिच्यानं बोलवेना. दिवसभर बोलून घसाही बसला होता. "बघू," एवढंच ती म्हणाली, "घोडामैदान जवळच आहे."

त्यानंतर सगळं सैल पडलं. 'ठेवा'वाल्यांची सभा ठरली होती, तिला चारदोन माणसं आली. ज्यांनी म्हाताऱ्याकोताऱ्यांना गाडीतून केंद्रावर न्यायचं कबूल केलं होतं, ते म्हणाले, आता काय गरज, जिंकलोच की. किराणावाल्यानं दुकानावरचा 'ठेवा'चा फलक उतरवला आणि त्या जागी साबणाची जाहिरात लावली. उलट गाळ्यांची आस लागलेल्यांनी तोच आखूड खांब पाहिला आणि कंबर कसली. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात, पण जळणाऱ्याला तुझी आग विझली आहे असं छापून सांगितलं, तर तोही बादली खाली ठेवतो.

मतदानाच्या दिवशी कंपनीचं आणखी एक काम होतं. मत टाकून बाहेर येणाऱ्याला दारातच विचारायचं, कशाला टाकलं. सगळ्यांना नाही, मोजून दर दहाव्या माणसाला. यासाठी खोलीतल्या झाडून सगळ्या बायका प्रभागातल्या केंद्रांवर वाटून दिल्या होत्या. त्यातल्या बहुतेक जणी राहायला याच प्रभागात, कारण कंपनीला पायी येणारी माणसं आवडायची, उशीर होत नाही. आणि नियम असा, की जिचं मत ज्या केंद्रावर, तिनं तिथे उभं राहायचं नाही. ओळखीच्या तोंडाला लोक खरं सांगत नाहीत. नियम चुकीचा नव्हता. फक्त त्यामुळे झालं असं, की धाकटी उभी होती ती गोगलगाय नावानं ओळखल्या जाणाऱ्या तिच्या मैत्रिणीच्या केंद्रावर, आणि गोगलगाय उभी होती धाकटीच्या केंद्रावर. अशा सगळ्याच जणी. केंद्र उघडण्याआधी पोचायचं, बंद झाल्यावर निघायचं. प्रभागातल्या प्रत्येक दारात एक बाई दिवसभर उभी होती, आणि ते दार तिचं नव्हतं.

सुपरवायझरबाईंनी यावर तोडगा काढला होता. दुपारी पाळीपाळीनं प्रत्येकीला एक तासाची सुट्टी, बदली बाई येईल, त्या वेळात आपापल्या केंद्रावर जाऊन मत टाकून या. कागदावर सगळं चोख होतं.

ऊन असं, की केंद्राच्या भिंतीला हात लावला तर चटका बसे. धाकटीला दिलेलं स्टूल एका पायानं लंगडं होतं, म्हणून ती बहुतेक वेळ उभीच. नऊ जणांना जाऊ द्यायचं, दहाव्याला हसून थांबवायचं. आलेले लोक फार नव्हते. नटूनथटून आलेल्या एका गृहस्थाला तिनं विचारलं. त्यांनी खिशातली किल्ली चाचपली, पायाकडे पाहिलं आणि "ठेवा, ठेवा, अर्थात ठेवा," म्हणून भराभर निघून गेले. तीनदा 'ठेवा' म्हणणारा माणूस कशावर शिक्का मारून आलाय, हे धाकटीला न सांगता कळत होतं. तिनं 'ठेवा'वर खूण केली. सांगितलं तेच लिहायचं.

बदली बाई आली तेव्हा धाकटीचे पाय पोटऱ्यांपासून ठणकत होते. तिचं केंद्र पार पलीकडे, उन्हातून चालत जायचं आणि परत यायचं म्हणजे तास गेलाच. ती लिंबाच्या झाडाखाली टेकली. म्हटलं, जरा बसू आणि मग जाऊ.

तेवढ्यात छत्री घेऊन, एक एक पाऊल मोजल्यासारखं टाकत थोरली येताना दिसली. दुसऱ्या दिवशी तिचं डायलिसिस होतं, म्हणजे अंगात पाणी साचलेलं. पाय सुजून चपलेबाहेर आले होते. एका हातात डबा.

"अगं, तू कशाला आलीस?" धाकटी ओरडलीच.

"मत टाकून आले आपल्या शाळेत. मग म्हटलं तू उपाशी असशील." थोरली धापा टाकत तिच्या शेजारी बसली. "तुमची ती हळूबाई होती तिथे दारात. माझ्या आधीच्याला विचारलं तिनं, मला नाही! मी म्हटलं, बाई गं, मला विचार की. तर म्हणते, मावशी, तुमचा नंबर नाही."

"दहावा लागतो."

"जन्मात एकदा कुणी माझं मत विचारेल म्हणून ठेवणीतली साडी नेसून गेले आणि माझा नंबर नेमका अकरावा." ती हसली आणि खोकली. "बरं, तू जाऊन ये. मी बसते तोवर इथे. जा, मत टाकून ये."

धाकटीनं तिच्या पायांकडे पाहिलं. आपण निघालो तर ही इथे एकटी बसून राहणार, नाहीतर सोबत येते म्हणून परत चालायला लागणार. आणि खरं सांगायचं तर तिला उठायचंच नव्हतं. तिला काहीही करायचं नव्हतं. तसंही खांब उंच होता.

"माझं झालंय," ती म्हणाली.

"कधी गं?"

"सकाळीच. ड्युटीवाल्यांना आधी सोडतात."

फार पटकन म्हणाली. असं पटकन उत्तर दुसऱ्या कुणी फोनवर दिलं असतं तर तिनं मनातल्या मनात त्यावर काट मारली असती. या मतदानाला बोटावर शाई लावत नव्हते, नाहीतर ही गोष्ट त्या झाडाखालीच संपली असती. थोरलीनं मान डोलावली आणि डबा उघडला. दोघींनी अळणी भाजी-पोळी खाल्ली. एकदा झालंय म्हटल्यावर आता उठून जायचीही सोय राहिली नव्हती. तास संपला. थोरलीला गल्लीतली एक ओळखीची बाई भेटली, तिच्या हाताला धरून ती घरी गेली, आणि धाकटी पुन्हा लंगड्या स्टुलाशी जाऊन उभी राहिली.

'हलवा' जिंकलं.

किती मतांनी, तर त्या फोनच्या खोलीत जेवढ्या खुर्च्या होत्या त्याहून थोड्या कमी मतांनी. निकाल लागला त्या संध्याकाळी थोरलीनं दोघींची पानं वाढली, स्वतःच्या पानातलं तसंच ठेवलं आणि उठून खिडकी लावली. खिडकीतून रुग्णालयाचं फाटक दिसायचं.

दुसऱ्या दिवशी खोलीत कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. टक्केसाहेब आले, हातात निकालाचा कागद होता. ते खुर्च्यांच्या रांगांमधून चालत गेले, परत आले. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "आपल्यापैकी त्या दिवशी कुणाकुणाला मत टाकता आलं?"

सगळे हात वर गेले. गोगलगाईचा सगळ्यात आधी, एरवी तिला हात उचलायलाही वेळ लागतो. धाकटीचाही गेला. सुपरवायझरबाईंचाही. टक्केसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "शंभर टक्के," ते म्हणाले. "वा!" आणि आपल्या कप्प्यात जाऊन बसले. दिव्याखाली अंधार असतो हे त्यांना काही नवीन नव्हतं. पण त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही.

पुढचा आठवडा नवं सर्वेक्षण, निकालानंतरचं. 'आपण मतदान केलंत का? केलं नसल्यास, का?' त्या 'का'च्या खाली पडद्यावर सूचना होती: पर्याय वाचून दाखवू नयेत, उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहावं. फोनवर जवळजवळ अख्ख्या प्रभागानं मतदान केलं होतं. एखाददुसरा 'नाही' म्हणायचा, मग धाकटी विचारायची, का? पाहुणे आले होते. एका मतानं काय होतंय. जिंकणारच होतो, पेपरात आलं होतं. ती लिहून घ्यायची. "ठीक आहे. पुढचा प्रश्न." संध्याकाळी हेडफोन काढला तरी कानाभोवती तो दाबल्यासारखा वाटत राहायचा.

रुग्णालय हललं. ते मात्र नगरपालिकेनं झटपट केलं. थोरलीच्या नव्या जागच्या पहिल्या दिवशी धाकटीनं रजा काढली. जाताना दोन बस, तिथे रांग, अनोळखी परिचारिका, तीन ठिकाणी टोचून मग सापडलेली शीर. चार तास धाकटी बाहेरच्या बाकावर बसून होती. परतीच्या दुसऱ्या बसमध्ये कशीबशी एक जागा मिळाली. थोरलीला तिनं खिडकीशी बसवलं आणि शेजारी दांडा धरून उभी राहिली. थोरलीचा चेहरा राखेसारखा पडला होता, हातावरच्या पट्टीवर रक्ताचा ठिपका उमटला होता. पुढच्या थांब्यावर बाजूचा माणूस उतरला तेव्हा धाकटी बसली. थोरलीनं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"आपण तरी आपलं केलं," डोळे मिटूनच ती म्हणाली. "घरातली दोन्ही मतं पडली. तेवढं समाधान आहे बघ मला. दुसऱ्याचं काय, आपल्या हातात थोडंच असतं."

बस खड्ड्यातून गेली. धाकटीनं तिचा हात धरून ठेवला, सुईच्या जागी धक्का बसू नये म्हणून. गप्प बसणं सोपं होतं. थोरलीच्या जवळ आता फार काही उरलेलं नव्हतं, होतं तेही काढून घ्यायचं का, असं तिला वाटलं. पण त्या समाधानाचा भार आठवड्यातून तीनदा, चार-चार बसमधून आपल्याच खांद्यावर येणार, आणि तो आपल्याला पेलणार नाही, हेही तिला कळत होतं.

"एकच पडलं," ती म्हणाली. "मी नाही गेले."

थोरलीनं डोकं उचललं. तिच्याकडे पाहिलं. एक थांबा गेला, माणसं चढली, उतरली.

"का?" तिनं विचारलं.

रागानं नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. धाकटीनं आठवडाभर लिहून घेतलेली सगळी उत्तरं एकदम तिच्या तोंडाशी आली. एका मतानं काय होतंय. जिंकणारच होतो. वेळ मिळाला नाही. त्यातलं कुठलंही दिलं असतं तर चाललं असतं, लोकांचं चालतं. पण हे विचारणारी तिची वेणी घालणारी बहीण होती.

"पाय दुखत होते," धाकटी म्हणाली.

थोरलीनं खाली पाहिलं. तिचे स्वतःचे पाय चपलेबाहेर आलेले होते, डायलिसिस होऊनही घोट्यांशी सूज होती. त्या पायांवर ती त्या दिवशी शाळेत गेली होती, आणि तिथून डबा घेऊन झाडापर्यंत आली होती. तिनं साडीची किनार ओढून पाय झाकले.

"ठीक आहे," ती म्हणाली.

आणि खिडकीकडे वळून बसली. धाकटी घर येईपर्यंत पुढच्या प्रश्नाची वाट पाहत होती, पण थोरलीनं काही विचारलं नाही.